जळालेल्या दफ्तरातील नावे : अठराव्या शतकातील आयर्लंडच्या धर्मवार खानेसुमाऱ्या आणि पूर्वजांचा शोध

आयर्लंडमधील एखाद्या सामान्य शेतकरी कुटुंबाचा वंश मागे नेऊ लागले की बहुधा १८२० च्या आसपास वाट संपते. १९०१ व १९११ च्या शिरगणतीचे घरोघरचे तक्ते उपलब्ध आहेत. त्याआधीचे मात्र जवळजवळ नाहीत. १८६१ व १८७१ चे तक्ते आकडेवारी काढून झाल्यावर सरकारनेच नष्ट केले. १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत गेले आणि कागदाचा लगदा झाले. १८२१ ते १८५१ या चार शिरगणत्यांचे बहुतेक कागद १९२२ मध्ये आगीत गेले. कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदवह्या सरकारी दफ्तरात नसल्याने बचावल्या, पण पश्चिमेकडील अनेक पॅरिशमध्ये त्या १८२० नंतरच सुरू होतात. मग उरतात त्या १८२३ ते १८३७ या काळातील दशमांश-आकारणीच्या वह्या आणि १८४७ ते १८६४ या काळात झालेली ग्रिफिथची जमीन-मोजणी. दोहोंत जमीन धारण करणाऱ्याचे नाव असते. त्याच्या घरातील माणसांचा पत्ता नसतो.

या सीमेच्या पलीकडे, अठराव्या शतकात, सामान्य माणसाचे नाव ज्या मोजक्या कागदांत सापडते त्यांत तत्कालीन धर्मवार गणत्यांचे स्थान मोठे आहे. १७४० ची प्रोटेस्टंट कुटुंबप्रमुखांची यादी, १७४९ ची एल्फिन धर्मप्रांताची खानेसुमारी आणि १७६६ ची देशव्यापी गणती या तीन प्रमुख. 'खानेसुमारी' हा आपल्या दफ्तरांतील जुना शब्द येथे हेतुपूर्वक योजला आहे. कारण या गणत्यांतही मोजणीचे एकक माणूस नसून घर होते. प्रस्तुत निबंधात या साधनांच्या उपयुक्ततेबरोबरच त्यांच्या मर्यादांचा विचार केला आहे. अभ्यासकांच्या हाती आज जी यादी येते ती तीन वेळा चाळली गेलेली असते : प्रथम गणती करणाऱ्या धर्मगुरूकडून, मग आगीकडून आणि शेवटी नकलकाराकडून. यांतील तिसऱ्या चाळणीकडे वंशशोधकांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गणतीमागचे राजकारण

आयर्लंडमधील बहुसंख्य प्रजा कॅथलिक, तर जमीन, पार्लमेंट, न्यायालये आणि राज्यमान्य चर्च प्रोटेस्टंट अल्पसंख्याकांच्या हाती, अशी अठराव्या शतकातील स्थिती होती. १७०४ च्या कायद्याने कॅथलिकांना जमीन खरेदी करण्यास आणि एकतीस वर्षांहून अधिक मुदतीचा पट्टा घेण्यास मनाई केली. कॅथलिक जमीनदाराची मिळकत त्याच्या मृत्यूनंतर सर्व मुलांत विभागली जावी आणि थोरला मुलगा प्रोटेस्टंट झाला तर मात्र ती त्याला एकट्याला मिळावी, अशी तरतूदही त्यात होती. १७२८ मध्ये कॅथलिकांचा मताधिकार काढून घेण्यात आला. अशा व्यवस्थेत 'ते किती आणि आपण किती' हा प्रश्न राज्यकर्त्यांना सतत अस्वस्थ करीत असल्यास नवल नाही. १७३२-३३ मध्ये चूलकर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्यांकरवी कुटुंबांची धर्मवार मोजणी झाली आणि तिचा गोषवारा १७३६ मध्ये छापला गेला. त्यानुसार १,०५,५०१ प्रोटेस्टंट आणि २,८१,४०१ कॅथलिक कुटुंबे होती, म्हणजे शंभरांत सुमारे त्र्याहत्तर घरे कॅथलिक. चूलकरातून सूट मिळालेल्या अतिगरिबांची घरे अशा मोजणीत सुटण्याचा संभव अधिक, हे लक्षात घेता खरे प्रमाण याहून मोठे असणार.

१७६६ ची गणती याच मालिकेतील. ५ मार्च १७६६ रोजी आयरिश हाउस ऑफ लॉर्ड्सने ठराव केला की, बिशपांनी आपापल्या धर्मप्रांतातील पॅरिशच्या धर्मगुरूंकडून कुटुंबांच्या याद्या मागवाव्यात, त्यांत प्रोटेस्टंट कोण व पोपपंथी कोण हे वेगळे दाखवावे, आणि पॅरिशमध्ये वावरणाऱ्या कॅथलिक पाद्र्यांची व मठवासी साधूंची नावेही कळवावीत. ईस्टरच्या सुटीनंतर सभागृह भरेल त्या पहिल्या सोमवारची मुदत होती. या ठरावाचा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. १७६१ पासून मन्स्टर प्रांतात 'व्हाइटबॉइज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शेतकऱ्यांनी सामाईक कुरणांना घातलेली कुंपणे आणि दशमांशाची वसुली यांविरुद्ध रात्रीच्या वेळी उठाव आरंभले होते. जमीनदारांना त्यात कॅथलिक कटाचा वास येत होता. ठरावानंतर अवघ्या दहा दिवसांनी, १५ मार्च रोजी, निकोलस शीही या कॅथलिक धर्मगुरूला क्लॉनमेल येथे फाशी देण्यात आले. त्या वसंतात एखाद्या कॅथलिक कुळाच्या दारी पॅरिशचा प्रोटेस्टंट धर्मगुरू किंवा त्याचा माणूस नाव विचारावयास आला असेल, तेव्हा ते नाव किती मोकळेपणाने सांगितले गेले असेल याचा विचार अभ्यासकाने करावयास हवा.

ठराव एकच असला तरी त्याची अंमलबजावणी एकसारखी झाली नाही. काही धर्मगुरूंनी टाऊनलँडनिहाय, म्हणजे वाडीवार, प्रत्येक कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिले. काहींनी प्रोटेस्टंटांची नावे दिली व कॅथलिकांची केवळ बेरीज. काहींनी दोन्हींचे नुसते आकडे पाठविले. अल्स्टरमधील प्रेस्बिटेरियनांना काही जणांनी 'विरोधक' म्हणून वेगळे नोंदले, तर अनेकांनी त्यांना सरसकट प्रोटेस्टंटांत धरले. उपलब्ध याद्यांपैकी आर्माघ आणि लाउथ या परगण्यांच्या सीमेवरील क्रेगन पॅरिशची यादी नावांनिशी टिकली आहे, आणि त्या भागातील कुटुंबांचा मागोवा घेणाऱ्यांना तिचा मोठा आधार वाटतो. शेजारच्या पॅरिशचा धर्मगुरू आळशी असता तर त्या सीमेपलीकडच्या कुटुंबांच्या वाट्याला एक आकडाच आला असता. दोनशे साठ वर्षांनंतर एखाद्या घराण्याचा इतिहास एका धर्मगुरूच्या कामसूपणावर अवलंबून असावा, हा या साधनाचा स्वभावच आहे.

आग आणि नक्कल

या सर्व याद्या पुढे डब्लिनमधील फोर कोर्ट्स या न्यायालय-संकुलातील सार्वजनिक अभिलेखागारात आल्या. १८६७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या दफ्तरखान्यात काय काय होते हे आपल्याला नेमके ठाऊक आहे, कारण तेथील अधिकारी हर्बर्ट वुड यांनी संग्रहाची मार्गदर्शिका १९१९ मध्ये प्रसिद्ध केली होती. तीन वर्षांनी ती हरवलेल्या वस्तूंची सूची ठरली. एप्रिल १९२२ मध्ये अँग्लो-आयरिश तहाच्या विरोधकांनी फोर कोर्ट्स ताब्यात घेतले. २८ जूनला सरकारी सैन्याने तोफा डागण्यास सुरुवात केली आणि ३० जून रोजी प्रचंड स्फोट होऊन अभिलेखागार जळाले. शहरभर अर्धवट जळालेले कागद उडत होते. त्यात राज्यमान्य चर्चच्या निम्म्याहून अधिक पॅरिशच्या नोंदवह्या गेल्या, मृत्युपत्रे गेली आणि धर्मवार गणत्यांचे बहुतांश अस्सल कागदही गेले. १७६६ च्या काही पॅरिशच्या अस्सल याद्या आज डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत; पण आज जे वाचावयास मिळते त्याचा मोठा भाग १९२२ पूर्वी केलेल्या खासगी नकलांचा आहे. १७४० च्या यादीचे तर अस्सल हाती नाहीच. अँट्रिम, आर्माघ, डेरी, डोनेगल व टायरोन या परगण्यांच्या काही भागांपुरती ती नकलेच्या रूपाने उरली आहे.

या नकलांमध्ये टेनिसन ग्रोव्ह्ज या वंशावळी-संशोधकाचे काम सर्वांत मोठे. विसाव्या शतकाच्या आरंभी फोर कोर्ट्सच्या वाचनकक्षात बसून त्याने उतरवून घेतलेल्या वह्या आज बेलफास्टच्या उत्तर आयर्लंड सार्वजनिक अभिलेखागारात आहेत. त्याचे ऋण कोणीही नाकारणार नाही. परंतु तो व्यवसायाने वंशशोधक होता, आणि त्याचे अशिलांकडून आलेले काम म्हणजे ठरावीक घराण्यांचा शोध. अशा मनुष्याने भावी इतिहासकारांसाठी संपूर्ण दफ्तर उतरवून ठेवावे ही अपेक्षाच चुकीची. ज्या घराण्यांचे वंशज पैसे खर्चून पूर्वज शोधवीत, त्यांत जमीनदार व सुखवस्तू प्रोटेस्टंट घराणी आणि अमेरिकेत गेलेल्या अल्स्टरमधील प्रेस्बिटेरियनांचे वंशज अधिक असणे स्वाभाविक होते. त्यामुळे उपलब्ध नकलांपैकी काहींत केवळ प्रोटेस्टंट नावेच आढळतात. मूळ यादीत कॅथलिकांची नावे होती की धर्मगुरूने बेरीजच दिली होती, हे अशा नकलेवरून सांगता येत नाही.

येथे वंशशोधक हमखास फसतो. एखाद्या पॅरिशच्या यादीत आपले कॅथलिक आडनाव न आढळल्यास 'आमचे पूर्वज १७६६ मध्ये येथे नव्हते' असा निष्कर्ष तो काढतो. वस्तुतः नाव नसण्याची कारणे अनेक असतात : धर्मगुरूने लिहिले नसेल, लिहिलेले जळाले असेल, किंवा नकलकाराने ते पान पाहूनही उतरविले नसेल. पुराव्याचा अभाव आणि अभावाचा पुरावा यांतील फरक आपण इतिहासाच्या पहिल्या वर्गात शिकवितो. आयरिश वंशशोधात तो रोज मोडला जातो. याच्या उलट, नकलेत नाव सापडले तर ते होते एवढे निश्चित म्हणता येते. म्हणजे या यादीतील होकाराला जेवढे मोल आहे, तेवढे नकाराला नाही.

एल्फिन, १७४९

या विस्कळीत अवशेषांत एल्फिनची खानेसुमारी अगदी वेगळी उठून दिसते. एल्फिनचा बिशप एडवर्ड सिंग याने १७४९ मध्ये आपल्या संपूर्ण धर्मप्रांताची घरोघर मोजणी करविली. रॉसकॉमन परगण्याचा बहुतेक भाग, स्लायगोचा काही भाग आणि गॅल्वेचा पूर्वेकडील तुकडा तीत येतो. हे हस्तलिखित टिकले, राष्ट्रीय अभिलेखागारात जतन झाले, आणि मेरी-लुईस लेग यांच्या संपादनाखाली २००४ मध्ये आयरिश हस्तलिखित आयोगाने ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्याच संपादिकेने सिंगने आपल्या मुलीला लिहिलेली पत्रेही १९९६ मध्ये प्रकाशित केली होती. त्यांतून हा बिशप घरच्या बारीकसारीक बाबींतही लक्ष घालणारा, नेटका गृहस्थ असल्याचे दिसते. त्याच्या खानेसुमारीचे रकाने पाहिले की तोच स्वभाव पुन्हा भेटतो.

प्रत्येक घरासाठी राहण्याचे ठिकाण, कुटुंबप्रमुखाचे नाव, धर्म व व्यवसाय हे रकाने आहेत. त्यापुढे चौदा वर्षांखालील मुले, चौदा वर्षांवरील मुले, पुरुष नोकर आणि स्त्री नोकर यांची संख्या. आणि प्रत्येक ठिकाणी प्रोटेस्टंट किती व पोपपंथी किती असे दोन उपरकाने. १७६६ च्या यादीत जेथे केवळ नाव मिळते, तेथे एल्फिनमध्ये एक लहानसे घर उभे राहते : अमुक वाडीतील विणकर, कॅथलिक, लहान मुले तीन, मोठे मूल एक, नोकर नाही. शेतमजूर, गुराखी, लोहार, विणकर आणि थोड्या जमिनीच्या मोबदल्यात राबणारे 'कॉटियर' यांची नावे येथे एकाखाली एक येतात. १७४०-४१ च्या भीषण दुष्काळाला त्या वेळी आठच वर्षे लोटली होती. त्या दुष्काळात व त्यामागून आलेल्या साथींत तीन लाखांहून अधिक माणसे दगावली असावीत, असा आधुनिक अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणून १७४९ च्या यादीत एखाद्या घरी चौदा वर्षांवरील मुले आणि अगदी लहान मुले आढळली, पण मधले वय दिसत नसेल, तर त्यामागे काय असू शकते हे वाचकाने आपल्या मनाशी ताडून पाहावे. रकाने तेवढे बारीक नाहीत, म्हणून हे सिद्ध करता येत नाही; तरी ते विसरूनही चालत नाही.

या रकान्यांची एक कठोर बाजू आहे. मुलांना नावे नाहीत. पत्नीला नाव नाही. स्त्री यादीत नावाने येते ती बहुधा विधवा होऊन घराची प्रमुख झाल्यावर. नोकरांनाही नावे नाहीत. प्रोटेस्टंट घरातील कॅथलिक मोलकरीण म्हणजे उपरकान्यातील '१'. आज जगभर पसरलेल्या रॉसकॉमनच्या वंशजांपैकी कितीतरी जणांचे पूर्वज त्या वर्षी वीस-बावीस वर्षांचे, लग्न न झालेले, दुसऱ्याच्या घरी राबणारे असतील. ते यादीत आहेतच, मोजलेही गेले आहेत. पण आकड्यातून नाव कोणालाही काढता येणार नाही.

नाव आणि वंश

ज्यांना नाव मिळाले त्यांच्या बाबतीतही शोध सोपा होत नाही. गणती करणारा इंग्रजी कानाचा, सांगणारा बहुधा आयरिश बोलणारा. 'ओ' आणि 'मॅक' हे उपसर्ग अठराव्या शतकात मोठ्या प्रमाणावर गळाले. लोहार या अर्थाच्या शब्दावरून आलेले मॅकगॉवन हे आडनाव कॅव्हन परगण्यात सर्रास 'स्मिथ' झाले. तेव्हा यादीतील स्मिथ इंग्रज वसाहतवाल्याचा वंशज की भाषांतरित आयरिश, हे केवळ आडनावावरून ठरत नाही. येथे धर्माचा रकाना उपयोगी पडतो, आणि तो ज्या हेतूने भरला गेला त्याच्या अगदी उलट कामासाठी. वाड्यांची नावे आणखी घोटाळ्याची. त्यांचे इंग्रजी लेखन १८३० च्या दशकातील सर्वेक्षणात, जॉन ओ'डोनोव्हन यांच्यासारख्या आयरिश भाषापंडितांच्या साहाय्याने, एका रूपात बसविले गेले. त्यापूर्वीच्या यादीत एकच वाडी दोन-तीन वेषांत भेटू शकते. नकाशा हाती न घेता या याद्या वाचणे व्यर्थ आहे.

मग 'हा आपला पूर्वज' असे केव्हा म्हणावे? प्रामाणिक रीत एकच : ज्ञाताकडून अज्ञाताकडे, एकेक पिढी मागे. १८२३ नंतरच्या दशमांश-वहीत कुटुंब एका वाडीत आहे असे दिसले, तर त्याच वाडीत १७६६ किंवा १७४९ मध्ये तेच आडनाव आहे का, हे पाहावे. असल्यास मधल्या साठ-सत्तर वर्षांसाठी पट्ट्यांची कागदपत्रे, जमीनदाराच्या खंडवसुलीच्या वह्या, १७९६ ची अंबाडी पेरणाऱ्यांची यादी आणि डब्लिनमधील खरेदीखत-नोंदणी कचेरीचे दफ्तर तपासावे. हे शेवटचे दफ्तर १७०८ पासूनचे असून ते फोर कोर्ट्समध्ये नसल्याने वाचले. मात्र जमिनीवरील निर्बंधांमुळे त्यात कॅथलिक कुळे क्वचितच भेटतात. थोरल्या मुलाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या रूढीचा आधार पुष्कळ जण घेतात. ती सूचना म्हणून ठीक आहे, पुरावा म्हणून नाही. रॉसकॉमनमध्ये केली हे आडनाव इतके दाट आहे की, 'जॉन केली' सापडला म्हणजे फक्त एक जॉन केली सापडला.

हा प्रश्न आपल्याकडेही येऊन पोहोचतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत आयरिश शिपायांचा भरणा मोठा होता. १८१७ च्या खडकीच्या लढाईत असलेली बॉम्बे युरोपियन रेजिमेंट पुढे ब्रिटिश सैन्यात सामावली गेली. १८८१ मध्ये ती रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची दुसरी तुकडी झाली आणि फोर कोर्ट्स जळाले त्याच १९२२ साली विसर्जित झाली. कंपनीच्या भरतीवह्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांत शिपायाचे वय, मूळ व्यवसाय व जन्मस्थान नोंदलेले असते. मुंबई इलाख्यात मरण पावलेल्या एखाद्या शिपायाची पॅरिश रॉसकॉमनमध्ये असल्याचे अशा वहीतून कळले, तर १८०० च्या आसपास जन्मलेल्या त्या माणसाच्या आजोबांची पिढी एल्फिनच्या यादीत असण्याचा संभव आहे. अठराव्या शतकातील आयर्लंडच्या कॅथलिक मजुराच्या बाबतीत एवढी वाट सहसा कोठे मिळत नाही.

जून २०२२ मध्ये, आगीला शंभर वर्षे होत असताना, जळालेल्या दफ्तरखान्याची संगणकावर पुनर्रचना करणारा 'आभासी अभिलेख-कोश' डब्लिनमध्ये खुला झाला. जगभरच्या ग्रंथालयांत विखुरलेल्या नकला त्यात एकत्र आणल्या जात आहेत. त्याच वर्षी ब्रायन गुरिन, कर्बी मिलर आणि लियम केनेडी यांनी संपादित केलेला १७६० च्या दशकातील धर्मवार गणत्यांचा ग्रंथ आयरिश हस्तलिखित आयोगाने प्रसिद्ध केला. आता एका पॅरिशची नक्कल दुसऱ्या नकलेशी ताडून पाहता येते. कोणत्या यादीत कॅथलिकांची नावे मुळातच नव्हती आणि कोणत्या यादीतून ती नकलकाराने गाळली, हे निदान काही ठिकाणी ओळखता येते. मुंबई इलाख्यातील त्या शिपायाच्या वंशजाला याचा लाभ मर्यादित. एल्फिनची यादी अस्सल असल्याने तेथे गाळलेले काही नाही. त्याच्या पूर्वजाच्या वाडीत त्याला कदाचित तीन केली सापडतील : एक मजूर, एक गुराखी, एक विधवा, आणि शेजारच्या प्रोटेस्टंट घरात दोन बेनावी कॅथलिक नोकर. यांपैकी त्याचा कोण, ते १७४९ च्या कागदावर लिहिलेले नाही.